अडकलेल्या प्रोग्रॅमचा पंचनामा

संगणकाचा प्रोग्रॅम कोसळणे आणि प्रोग्रॅम अडकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोसळलेला प्रोग्रॅम जाता जाता एखादा त्रुटिसंदेश मागे ठेवतो. अडकलेला प्रोग्रॅम मात्र संगणकाच्या लेखी जिवंतच असतो. चालू प्रोग्रॅमच्या यादीत त्याचे नाव दिसते, स्मृतीतील जागा त्याने धरून ठेवलेली असते; फक्त काम पुढे सरकत नाही. ग्राहकाच्या पडद्यावर चक्र फिरत राहते आणि कार्यालयातील दूरध्वनी खणखणू लागतात. अशा वेळी सर्वांत आधी सुचणारा उपाय एकच असतो, तो म्हणजे 'रीस्टार्ट'.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कार्यालयांत रात्रपाळीला बसून सर्व्हरची देखभाल करणाऱ्या अभियंत्यांच्या हे उत्तम परिचयाचे आहे. रीस्टार्ट केला की सेवा सुरू होते, तक्रारी थांबतात आणि त्याच क्षणी प्रोग्रॅम का अडकला होता याचा पुरावाही नाहीसा होतो. आठवडाभराने तोच प्रोग्रॅम पुन्हा अडकतो आणि तपास पुन्हा शून्यापासून सुरू होतो. रस्त्यावर अपघात झाला, तर वाहने हलवण्यापूर्वी पंचनामा करण्याची पद्धत आहे. अडकलेल्या प्रोग्रॅमचाही असा पंचनामा करता येतो. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. कमांड लाइनवरील एक आज्ञा आणि जेमतेम मिनिटभराचा वेळ पुरतो. ही आज्ञा प्रोग्रॅमचा 'कॉल स्टॅक' पडद्यावर मांडते.

उतरंडीसारखी रचना

कॉल स्टॅक समजून घेण्यासाठी जुन्या स्वयंपाकघरातील मडक्यांची उतरंड आठवावी. सर्वांत मोठे मडके तळाशी, त्यावर दुसरे, त्यावर तिसरे. नवे मडके ठेवायचे ते वरच आणि काढायचे तेही वरूनच. प्रोग्रॅमची कामेही अशीच एकावर एक रचली जातात. प्रोग्रॅम म्हणजे अनेक छोट्या कामांचा, म्हणजेच 'फंक्शन'चा समूह. एक फंक्शन आपले काम अर्धवट ठेवून दुसऱ्याला हाक मारते, दुसरे तिसऱ्याला. तिसऱ्याचे काम संपले की दुसऱ्याकडे परतायचे आणि दुसऱ्याचे संपले की पहिल्याकडे.

परतायचे कोठे, हे लक्षात ठेवण्यासाठी संगणक प्रत्येक हाकेच्या वेळी स्मृतीतील एका राखीव जागेत नोंद करतो. त्या नोंदीत परतीचा पत्ता असतो, तसेच त्या फंक्शनची तात्पुरती मूल्ये असतात. अशा एका नोंदीला 'फ्रेम' म्हणतात आणि सर्व फ्रेमच्या उतरंडीला 'कॉल स्टॅक'. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरमध्ये ही उतरंड उलटी वाढते. नवी फ्रेम स्मृतीच्या मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे सरकत जाते. वाचणाऱ्याच्या दृष्टीने मात्र अर्थ तोच राहतो. सर्वांत वरची फ्रेम म्हणजे या क्षणी चालू असलेले काम आणि तिच्याखालील फ्रेम म्हणजे त्या कामापर्यंत पोहोचण्याचा मार्ग.

ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९४५ च्या सुमारास 'एस' या नियोजित संगणकाचा आराखडा लिहिताना परतीचे पत्ते 'पुरून ठेवण्याची' आणि 'उकरून काढण्याची' योजना मांडली होती. जर्मनीतील फ्रिडरिश बाउअर आणि क्लाउस सामेलसन यांनी १९५७ मध्ये स्टॅकच्या तत्त्वासाठी पेटंटचा अर्ज केला. आज मोबाइलपासून महासंगणकापर्यंत जवळजवळ प्रत्येक यंत्र याच तत्त्वावर चालते.

पुण्याशी नाते

पुण्याच्या संगणक-इतिहासात या विषयाला विशेष स्थान आहे. प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना १९८८ मध्ये पुण्यात झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. एकच काम अनेक प्रोसेसरना वाटून देणे हे त्याचे सूत्र होते. एका प्रोसेसरवरील प्रोग्रॅम अडकला, तर एक उतरंड पाहावी लागते. शेकडो प्रोसेसर असतील, तर तेवढ्याच उतरंडी पाहाव्या लागतात. सी-डॅकने परम संगणकांसाठी विकसित केलेल्या सॉफ्टवेअरसंचात समांतर प्रोग्रॅममधील दोष शोधणारे 'दिविया' हे साधनही होते. १९९८ मधील 'परम १००००' हा सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर आधारित होता. त्या यंत्रांच्या सोलारिस या कार्यप्रणालीत 'पीस्टॅक' ही आज्ञा आधीपासूनच होती. पुढे लिनक्सवर जी अशी साधने आली, त्यांचे नावही त्याच वळणाचे आहे.

त्यानंतर पुण्यात महासंगणकांची रांगच लागली. टाटा समूहाच्या 'कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज'ने पुण्यात उभारलेला 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर होता. सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच यादीत ६३ वा होता. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आणि २०२४ मध्ये 'अर्का' हे संगणक कार्यान्वित झाले. नारायणगावजवळील रेडिओ दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांसाठीही २०२४ मध्ये 'परम रुद्र' महासंगणक आला.

दुसरी बाजू आहे ती चिमुकल्या संगणकांची. पुण्यातील केपीआयटी कमिन्स या कंपनीने २००० च्या दशकात रेनेसास कंपनीच्या मायक्रोकंट्रोलरसाठी 'जीएनयू' साधनांचा संच तयार करून तो विनामूल्य उपलब्ध करून दिला. वाहने आणि घरगुती यंत्रे यांत बसणाऱ्या अशा चिपला पडदाही नसतो आणि कळफलकही नसतो. तिच्यातील प्रोग्रॅम कोठे थांबला आहे हे जाणण्यासाठी दुसऱ्या संगणकावरून तारेने जोडून तिची उतरंड वाचावी लागते. महासंगणक असो वा हाताच्या बोटावर मावणारी चिप, प्रश्न एकच असतो : 'आता तू कोठे आहेस?'

हाताशी असलेली साधने

लिनक्सवरील सर्वांत परिचित साधन म्हणजे 'जीडीबी'. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीएनयू प्रकल्पासाठी ते लिहिले. चालू प्रोग्रॅमला जोडून घेणे, त्याची उतरंड वाचणे, मूल्ये तपासणे आणि पुन्हा त्याला मोकळे सोडणे ही सर्व कामे ते करते. रेड हॅट परंपरेतील लिनक्सवर जीडीबीबरोबर 'जीस्टॅक' ही छोटी आज्ञाही मिळते. तिलाच पूर्वीच्या सवयीने 'पीस्टॅक' असेही म्हणतात. एकदाच उतरंड छापून बाजूला होणे एवढेच तिचे काम. 'ईयू-स्टॅक' ही 'एल्फयुटिल्स' या संचातील आज्ञाही हेच करते.

जावा भाषेतील प्रोग्रॅमसाठी 'जेस्टॅक' आहे. २००४ मध्ये आलेल्या जावाच्या पाचव्या आवृत्तीपासून ती संचाबरोबरच मिळते. पायथनसाठी 'पाय-स्पाय' हे स्वतंत्र साधन आहे. मॅक संगणकांवर 'सॅम्पल' ही आज्ञा असते. साधन वेगळे असले, तरी हाती येणाऱ्या कागदाची वाचनपद्धती सारखीच आहे.

पंचनाम्याची पद्धत

लिनक्स सर्व्हरवर सी किंवा सी++ भाषेतील प्रोग्रॅम अडकला असेल, तर पुढील क्रम उपयोगी पडतो. प्रत्यक्ष टंकताना या आज्ञांची नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहायची असतात.

१. प्रोसेसचा क्रमांक शोधावा. चालू प्रोग्रॅमला 'प्रोसेस' म्हणतात आणि प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक असतो. 'पीग्रेप' या आज्ञेपुढे प्रोग्रॅमचे नाव दिले की तो मिळतो.

२. तिची स्थिती पाहावी. 'टॉप' ही आज्ञा प्रोसेस किती प्रोसेसर-वेळ खात आहे ते दाखवते. शून्य टक्के असेल, तर प्रोग्रॅम कशाची तरी वाट पाहत आहे. शंभर टक्के असेल, तर तो एकाच जागी गरगर फिरत असण्याची शक्यता आहे. पुढील तपासाची दिशा या एका आकड्यावरून ठरते.

३. उतरंड छापावी. 'जीस्टॅक' आणि पुढे प्रोसेसचा क्रमांक एवढे पुरेसे आहे. ती आज्ञा नसेल, तर 'जीडीबी' पुढे '-पी' आणि क्रमांक द्यावा. जोडणी झाल्यावर 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' असे टंकावे. 'बीटी' हे 'बॅकट्रेस'चे, म्हणजे आलेल्या वाटेच्या मागोव्याचे, लघुरूप आहे. सर्व थ्रेडचा मागोवा घ्यावा असे ही आज्ञा सांगते.

४. उत्तर फाइलमध्ये साठवावे. मोठ्या सर्व्हरवर शेकडो थ्रेड असतात. पडद्यावरून सरकून गेलेला मजकूर नंतर उपयोगी पडत नाही.

५. जीडीबी वापरत असल्यास 'डिटॅच' आणि मग 'क्विट' करावे. प्रोग्रॅम जिथे होता तिथून पुढे चालू लागतो.

६. पाच ते दहा सेकंदांच्या अंतराने हेच आणखी दोन-तीन वेळा करावे. एकच छायाचित्र पाहून धावणारा माणूस आणि उभा माणूस यांत फरक करता येत नाही. तीन छायाचित्रे पाहिली की तो कळतो.

७. त्यानंतरच रीस्टार्ट करावा.

वेळ असेल, तर 'जीकोर' या आज्ञेने प्रोग्रॅमच्या संपूर्ण स्मृतीची प्रत काढून ठेवता येते. उतरंड हा पंचनामा मानला, तर ही प्रत म्हणजे जप्त केलेला मुद्देमाल. रीस्टार्टनंतरही सावकाश तिचा अभ्यास करता येतो. मात्र तिचा आकार कित्येक गिगाबाइट असू शकतो. डिस्कवर तेवढी जागा आहे ना, हे आधी पाहावे.

उतरंड वाचावी कशी

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाटकाची तिकिटे विकणारे एक संकेतस्थळ आहे. रविवारच्या प्रयोगाची विक्री सुरू झाली आणि काही मिनिटांत सर्व्हर गप्प झाला. 'टॉप'मध्ये प्रोसेसरचा वापर शून्याजवळ आहे. उतरंड छापल्यावर एका थ्रेडचा मागोवा असा दिसतो. (सोयीसाठी फंक्शनची नावे मराठीत दिली आहेत.)

#० रीड ()
#१ सॉकेट_वाचा (मुदत=०)
#२ बँकेचा_प्रतिसाद_घ्या (व्यवहार=४४७१), देयक.सी, ओळ २१८
#३ रक्कम_वजा_करा (व्यवहार=४४७१), देयक.सी, ओळ ९६
#४ तिकीट_आरक्षित_करा (आसन=सी-१२), आरक्षण.सी, ओळ ३०१
#५ विनंती_हाताळा ()
#६ मेन ()

शून्य क्रमांकाची ओळ म्हणजे उतरंडीचे सर्वांत वरचे मडके. प्रोग्रॅम या क्षणी 'रीड'मध्ये आहे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या माहितीची वाट पाहत आहे. पण केवळ या ओळीवरून काही ठरत नाही. 'रीड' हे काम प्रत्येक प्रोग्रॅम करतो. म्हणून खाली उतरत जावे. 'रीड'ला हाक मारणारे फंक्शन कोणते, त्याला कोणी हाक मारली, असे पाहत आपल्या ओळखीच्या पहिल्या फंक्शनपाशी थांबावे. येथे ते दुसऱ्या ओळीत आहे. बँकेकडून प्रतिसाद येण्याची वाट पाहिली जात आहे, तीही 'देयक.सी' या फाइलच्या २१८ व्या ओळीवरून. पहिल्या ओळीतील 'मुदत=०' ही बाबही बोलकी आहे. या काल्पनिक प्रोग्रॅमपुरता तिचा अर्थ असा, की किती वेळ वाट पाहायची याला मर्यादाच घातलेली नाही.

दहा सेकंदांनी पुन्हा पाहिले. तोच थ्रेड, तोच व्यवहार क्रमांक, तीच ओळ. इतर ४० थ्रेडही याच जागी थबकलेले आहेत. आता चित्र स्पष्ट झाले. बँकेच्या बाजूने उत्तर थांबले, सर्व्हरच्या प्रत्येक थ्रेडने मुदतीविना वाट पाहिली आणि नव्या प्रेक्षकाची विनंती ऐकायला कोणीच मोकळे राहिले नाही. रीस्टार्टने सर्व्हर सुरू झाला असता, पण बँकेकडून पुढच्या वेळी उशीर होताच पुन्हा थांबला असता. खरा उपाय २१८ व्या ओळीपाशी आहे : प्रतिसादाला मुदत घालणे आणि ती उलटल्यास प्रेक्षकाला तसे कळवणे. ही माहिती रीस्टार्टपूर्वीच्या एका मिनिटात मिळाली.

नेहमी आढळणारे चार प्रकार

वाट पाहणे : वरील उदाहरण याच प्रकारातील आहे. उतरंडीच्या माथ्यावर 'रीड', 'रिसिव्ह', 'पोल' अशी नावे दिसतात. प्रोग्रॅम निर्दोष असू शकतो. दोष पलीकडच्या सर्व्हरमध्ये, नेटवर्कमध्ये किंवा डेटाबेसमध्ये असू शकतो. कधी प्रोसेसच्या स्थितीसमोर 'डी' हे अक्षर दिसते. तेव्हा ती कार्यप्रणालीच्या गाभ्यातच, बहुधा डिस्कच्या किंवा नेटवर्कवरील साठवणुकीच्या प्रतीक्षेत, अडकलेली असते. अशा वेळी जीडीबीही जोडले जात नाही. 'प्रोक' या निर्देशिकेत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली 'स्टॅक' नावाची फाइल असते. प्रशासकाच्या अधिकाराने ती वाचल्यास गाभ्यातील उतरंड दिसते.

परस्पर अडवणूक : पेठेतल्या अरुंद बोळात समोरासमोर दोन वाहने आली आणि दोन्ही चालकांनी 'आधी तू मागे घे' म्हटले, की वाहतूक ठप्प होते. दोन थ्रेडमध्येही असेच घडते. एकाने आसनांच्या तक्त्यावर कुलूप लावले आहे आणि त्याला हिशेबाच्या वहीचे कुलूप हवे आहे. दुसऱ्याचे नेमके उलटे. यालाच 'डेडलॉक' म्हणतात. दोघांच्याही उतरंडीच्या माथ्यावर कुलूप मिळण्याची प्रतीक्षा दिसते. आवश्यक माहिती उपलब्ध असल्यास कुलूप सध्या कोणत्या थ्रेडच्या ताब्यात आहे तेही जीडीबी दाखवू शकते. प्रत्येक थ्रेडने कुलपे ठरलेल्या एकाच क्रमाने घ्यावीत, हा यावरील जुना आणि खात्रीचा नियम.

न संपणारा फेरा : प्रोसेसरचा वापर शंभर टक्के असतो. तीन-चार वेळा उतरंड पाहिली, तर माथा बदलत राहतो. पण खालचा एक विशिष्ट टप्पा तसाच कायम दिसतो. त्या टप्प्यावरील फेरा संपण्याची अट कधीच पूर्ण होत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. अनेक थ्रेड असतील, तर 'टॉप' आज्ञेला '-एच' जोडून कोणता थ्रेड वेळ खात आहे ते आधी पाहावे आणि त्याच क्रमांकाची उतरंड शोधावी.

स्वतःलाच हाक : एकच फंक्शन उतरंडीत शेकडो, हजारो वेळा एकाखाली एक दिसते. फंक्शन स्वतःलाच हाक मारत सुटले आहे आणि थांबण्याची अट चुकली आहे. लिनक्सवर मुख्य थ्रेडच्या स्टॅकची मर्यादा सर्वसाधारणपणे ८ मेगाबाइट असते. ती संपली की प्रोग्रॅम कोसळतो.

येथे एक सावधगिरी हवी. थ्रेड वाट पाहताना दिसला म्हणजे तो अडकला असे नव्हे. मोठ्या सर्व्हरमध्ये अनेक थ्रेड काम येण्याची वाट पाहत निवांत बसलेले असतात आणि ते योग्यच असते. रिक्षाथांब्यावरील प्रत्येक रिक्षा नादुरुस्त नसते. म्हणून सर्व्हर सुरळीत चालू असतानाच त्याची उतरंड एकदा छापून जपून ठेवावी. बिघाडाच्या दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक चटकन दिसतो.

जावा व पायथनचे वेगळेपण

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी सेवा यांचे अनेक सर्व्हर जावावर चालतात. जावाचा प्रोग्रॅम स्वतःच्या आभासी यंत्रात चालत असल्याने जीडीबीने पाहिल्यास बऱ्याच फ्रेमच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. तेथे 'जेस्टॅक'च वापरावे. ते प्रत्येक थ्रेडचे नाव, त्याची स्थिती आणि त्याने धरलेली कुलपे सांगते. जावाच्या नेहमीच्या कुलपांची परस्पर अडवणूक असेल, तर ते तसे स्पष्ट शब्दांत लिहून देते. 'जेस्टॅक' हाताशी नसेल, तर 'किल -३' आणि प्रोसेसचा क्रमांक ही आज्ञा द्यावी. नाव भीतीदायक असले, तरी जावाचा प्रोग्रॅम तिने मरत नाही. तो आपली उतरंड नेहमीच्या नोंदवहीत छापतो आणि कामाला लागतो. हीच आज्ञा सी भाषेतील प्रोग्रॅमला दिली, तर मात्र तो सहसा बंद पडतो. हा फरक विसरता कामा नये.

पायथनमध्येही जीडीबी पायथन भाषेच्या दुभाष्याची, म्हणजे 'इंटरप्रिटर'ची, उतरंड दाखवते. मूळ प्रोग्रॅममधील ओळ सहजी कळत नाही. 'पाय-स्पाय डंप' ही आज्ञा ती ओळ थेट दाखवते. पायथनच्या २०१२ मधील ३.३ आवृत्तीपासून 'फॉल्टहँडलर' ही सोयही अंगभूत आहे.

हजारो उतरंडींचा हिशेब

महासंगणकावर प्रश्नाचे प्रमाण बदलते. हवामानाचे प्रारूप चालवताना भूभागाचे तुकडे करून ते हजारो प्रोसेसना वाटून दिले जातात. ठरावीक टप्प्यावर सर्वांनी एकमेकांची उत्तरे घेऊन मगच पुढे जायचे असते. एक प्रोसेस मागे राहिली, तर उरलेल्या सगळ्या तिची वाट पाहत थांबतात. बाहेरून सगळ्याच अडकलेल्या दिसतात. दोषी मात्र एखादीच असते. दरम्यान दिलेली वेळमर्यादा संपेपर्यंत यंत्राचा तेवढा भाग अडून राहतो आणि रांगेतील इतर शास्त्रज्ञांची कामेही खोळंबतात.

येथे प्रत्येक उतरंड डोळ्यांनी वाचणे अशक्य आहे. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि विस्कॉन्सिन विद्यापीठ यांच्या सहकार्याने तयार झालेल्या 'स्टॅट' या साधनाने यावर युक्ती काढली. सर्व प्रोसेसच्या उतरंडी गोळा करायच्या आणि सारख्या उतरंडींचे गट पाडायचे. मग हजारो प्रोसेसचा गट 'वाट पाहत आहे' असा एका बाजूला पडतो आणि वेगळ्याच ओळीवर थबकलेली एखादी प्रोसेस एकटी उरते. तपास तिच्यापासून सुरू करायचा. लहान प्रमाणावर हीच युक्ती नेहमीच्या सर्व्हरवरही चालते. शेकडो थ्रेडच्या उतरंडी फाइलमध्ये घेऊन सारख्या उतरंडी मोजल्या, की वेगळी उतरंड आपोआप नजरेत भरते.

मर्यादा आणि दक्षता

उतरंड नेहमीच स्वच्छ दिसते असे नाही. प्रोग्रॅम तयार करताना नावे आणि ओळींची माहिती काढून टाकलेली असेल, तर फंक्शनच्या नावाजागी दोन प्रश्नचिन्हे येतात. यासाठी लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत ही माहिती वेगळ्या 'डीबग' संचात ठेवलेली असते; ती नंतर आणून जोडता येते. वेग वाढवण्यासाठी कंपायलर काही फंक्शन एकमेकांत मिसळून टाकतो, तेव्हा उतरंडीतील एखादी पायरी गाळलेली वाटते. फ्रेमचा माग ठेवणारा 'फ्रेम पॉइंटर'ही अनेक वर्षे वेगासाठी वगळला जात असे. मागोवा जलद आणि सोप्या रीतीने घेता यावा म्हणून फेडोराने २०२३ मधील ३८ व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २०२४ मधील २४.०४ आवृत्तीपासून आपल्या संचात तो पुन्हा ठेवण्यास सुरुवात केली.

परवानगीचाही प्रश्न असतो. दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये डोकावता येणे हा सुरक्षेचा भाग असल्याने ती प्रोसेस आपल्याच नावे चालू असावी लागते किंवा प्रशासकाचा अधिकार लागतो. उबुंटूने २०१० पासून हा नियम आणखी कडक केला. तेथे आपल्याच प्रोसेसला जोडण्यासाठीही सहसा प्रशासकाचा अधिकार घ्यावा लागतो. प्रोग्रॅम 'कंटेनर'मध्ये चालू असेल, तर आत दिसणारा प्रोसेसचा क्रमांक आणि बाहेर दिसणारा क्रमांक वेगळे असतात, हेही ध्यानात ठेवावे.

जीडीबी जोडलेले असताना प्रोग्रॅम थांबलेला असतो. आधीच अडकलेल्या प्रोग्रॅमला त्याने फारसा फरक पडत नाही. परंतु नुसता संथ चाललेला सर्व्हर असेल, तर ते काही सेकंद ग्राहकांना जाणवतात. जोडणी करून चहाला उठून जाणे हा तर सर्वांत महागडा प्रमाद ठरू शकतो. पहिला प्रयोग म्हणूनच चालू सेवेवर न करता स्वतःच्या संगणकावर करावा.

आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. उतरंडीत फंक्शनची मूल्येही छापली जातात. त्यांत ग्राहकाचे नाव, खाते क्रमांक, कधी चक्क पासवर्डही असू शकतो. मदतीसाठी तो कागद दुसऱ्या कंपनीला किंवा अनोळखी व्यक्तीला पाठवण्यापूर्वी अशी माहिती खोडली पाहिजे. स्मृतीच्या संपूर्ण प्रतीबाबत तर अधिकच काळजी हवी. तिच्यात सर्व काही असते.

शेवटी सवयीचा प्रश्न

हे ज्ञान अवघड नाही. अडचण येते ती वेळेची आणि दडपणाची. सेवा बंद आहे, वरिष्ठ विचारणा करीत आहेत आणि रीस्टार्टचे बटण समोर आहे, अशा वेळी एक मिनिट थांबणे जड जाते. त्यासाठी बिघाडाच्या वेळी करावयाच्या कामांच्या यादीतच 'रीस्टार्टपूर्वी तीन वेळा उतरंड छापावी' ही ओळ समाविष्ट करणे हा सोपा मार्ग आहे. त्याहूनही बरे, म्हणजे एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ही आज्ञा लिहून ठेवावी. मध्यरात्री झोपेतून उठलेल्या माणसाला नुसते तिचे नाव टंकावे लागेल.

सेवा तातडीने सुरू करणे हे अभियंत्याचे पहिले कर्तव्य आहेच. तथापि त्याआधीच्या एका मिनिटात जे हाती लागते, ते नंतर कितीही तास खर्चले तरी परत मिळत नाही. अडकलेला प्रोग्रॅम आपण कोठे थांबलो आहोत हे सांगायला तयार असतो. बंद करण्यापूर्वी त्याला तेवढे विचारले पाहिजे.